नवार : भार पेलणाऱ्या पट्टीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
मोटारीत बसल्यावर खांद्यावरून ओढून घ्यायची पट्टी, आजोळच्या पलंगाची नवार, शाळेच्या दप्तराचा बंद, सैनिकाच्या कमरेचा पट्टा आणि घोड्याच्या पोटाखालचा तंग या पाच वस्तूंचे कुळ एकच आहे. अरुंद, लांबच लांब आणि भार पेलण्यासाठीच विणलेली पट्टी. वस्त्रांच्या इतिहासात पैठणीला, मलमलीला, शालूला मानाचे पान मिळाले. या पट्टीच्या वाट्याला ते क्वचितच आले. हा धागा तिच्याविषयी.

२/
आरंभ शब्दापासून. मराठीतील 'नवार' हा शब्द फारसीकडून आलेला. हिंदीत तो 'निवार' किंवा 'नेवार' झाला. फारसीत 'नवार' म्हणजे फीत, पट्टी. आजच्या इराणात ध्वनिफितीलाही 'नवार' म्हणतात. आणि मराठी वृत्तपत्रे ज्या भूभागाला 'गाझा पट्टी' म्हणतात, त्याचे फारसी नाव 'नवार-ए-गझ्झे' असे आहे. महाराष्ट्रात मात्र हा शब्द पलंगाला चिकटून राहिला आणि घरातल्याच वस्तूचे नाव होऊन गेला.

३/
'तंग' या शब्दाची कथाही अशीच. फारसीत त्याचा अर्थ घट्ट, आवळलेला. आणि घोड्याच्या पोटाखालून खोगीर बांधणारा पट्टाही. मराठीने दोन्ही अर्थ ठेवून घेतले. तिसरा शब्द 'पट्टेवाला'. खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला मिरवणाऱ्या कचेरीतील शिपायाला मराठीने त्याच्या पट्ट्यावरूनच हाक मारली. माणसाचे काम, त्याचा दर्जा आणि त्यामागे उभी असलेली सत्ता हे सर्व त्या एका पट्टीवरून ओळखले जाई.

४/
आता वस्तूकडे वळू. रुंद कापडातून चार बोटांची चिंधोटी फाडून पट्टा का करता येत नाही? कारण कापलेल्या कडेला धागे मोकळे होतात, ओढ बसताच ते निसटू लागतात आणि कड विरत जाते. नवारीची पट्टी मागावरच तेवढ्या रुंदीची विणलेली असते. आडवा धागा, म्हणजे बाणा, एका कडेला पोहोचतो, वळतो आणि परत फिरतो. दोन्ही बाजूंना काठ तयार होतो. कापण्याचा प्रश्न फक्त दोन टोकांशी उरतो.

५/
दुसरे वैशिष्ट्य ताण्याचे. नेहमीच्या कापडात ताणा आणि बाणा दोन्ही दिसतात. नवारीत उभे धागे इतके दाट बसवतात की आडवा धागा त्यांच्याखाली जवळजवळ झाकला जातो. भार लांबीच्या दिशेने येणार, म्हणून धाग्यांची बहुतेक संपत्ती त्याच दिशेला खर्च करायची, हा त्यामागचा हिशेब. बाण्याचे काम त्या उभ्या धाग्यांना शेजारी शेजारी धरून ठेवण्याचे. विणकराने हे गणित वहीत मांडले नसेल, पण हाताने ते अचूक सोडवले.

६/
मग दोर का नको? दोरही भार पेलतो, पुष्कळदा अधिक पेलतो. अडचण दोराला नसून शरीराला आहे. तोच भार दोराने खांद्यावर घेतला तर तो बोटभर जागेवर रुततो. चार बोटे रुंद पट्टीने घेतला तर चार बोटांवर पसरतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र शाळेत पुढे शिकवले गेले. हमाल, खोगीर कसणारा मोतद्दार आणि पलंग विणणारा कारागीर यांना ते त्याआधीच ठाऊक होते. जिथे भार आणि जिवंत शरीर यांची गाठ पडते, तिथे दोराची पट्टी होते.

७/
ही विद्या किती जुनी? लिव्हरपूलच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधला एक तागाचा कमरपट्टा आहे. त्यावर फारो तिसऱ्या रामसेसचे नाव होते, म्हणजे तो इसवी सनापूर्वी बाराव्या शतकातला. लांबी सुमारे ५.२ मीटर, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने निमुळता होत गेलेला. तो नेमका कोणत्या पद्धतीने विणला, यावर विसाव्या शतकातील वस्त्रतज्ज्ञांनी दीर्घकाळ वाद घातला. इतक्या बारीक, रंगीत आणि निमुळत्या विणीची उकल करणे त्यांनाही सोपे गेले नाही.

८/
१९०४ साली नॉर्वेत ओसेबर्ग येथे जमिनीखाली पुरलेले एक जहाज उकरण्यात आले. त्यात दोन स्त्रियांचे दफन होते. काळ इसवी सन ८३४ च्या आसपासचा. सोन्यानाण्यांऐवजी तिथे हाती आलेल्या अमोल वस्तूंपैकी एक होती पट्टी विणण्याची ५२ लहान चौकोनी फळकुटे, त्यांत धागे ओवलेले, विणकाम अर्धवट थांबलेले. फळकुटांच्या भोकांतून ताण्याचे धागे ओवायचे, फळकुटे एकत्र फिरवायची आणि प्रत्येक फेऱ्यानंतर बाणा सारायचा, अशी ही पद्धत. तिला मोठा माग लागत नाही.

९/
याच पद्धतीने ब्रह्मदेशात 'साझीज्यो' नावाच्या फिती विणल्या जात. ताडपत्रांवरील बौद्ध ग्रंथ कापडात गुंडाळल्यावर त्याभोवती ही लांब फीत वेढायची. विणकर तिच्यात अक्षरे विणत असे : दात्याचे नाव, त्याने केलेले पुण्यकर्म, त्या पुण्यात इतरांनाही वाटा मिळो ही इच्छा. ग्रंथ बांधणारी पट्टी स्वतःच एक लेख होऊन बसली. बांधणे आणि सांगणे ही दोन्ही कामे एका विणीने केल्याचे याहून सुंदर उदाहरण सापडणे कठीण.

१०/
भारतात या पट्टीचे सर्वांत परिचित घर म्हणजे पलंग. बाज किंवा खाट सुंभाने, काथ्याने विणली जाई. तो स्वस्त आणि शेतकऱ्याच्या हाताशी असलेला माल. नवारीचा पलंग त्याच्यापेक्षा वरच्या ऐपतीचा. सुंभ अंगाला टोचते, त्यावर गोधडी लागतेच. नवार मऊ, सपाट आणि उन्हाळ्यात नुसत्या चटईवरही निजता येईल अशी. खालून वारा खेळतो. मळली वा ढेकूण झाले की नवार सोडायची, धुवायची, उन्हात टाकायची आणि पुन्हा भरायची.

११/
नवार भरणे हे घरातले एक ठराविक काम होते. चौकटीवर आधी एका दिशेने पट्ट्या ओढून घ्यायच्या, मग दुसऱ्या दिशेने एक वर, एक खाली अशा ओवत न्यायच्या. म्हणजे पलंग ही दुसऱ्यांदा केलेली वीण आहे : आधी सुताची नवार, मग नवारीचे अंथरूण. सगळे कौशल्य ताणात. सैल राहिली तर मध्ये झोळ पडतो आणि निजणाऱ्याची पाठ धरते. महिन्या-दोन महिन्यांनी घरातील धट्टाकट्टा माणूस चौकटीला पाय लावून ती पुन्हा आवळत असे.

१२/
घरातून बाहेर पडावे तर पहिला घोडा. मराठ्यांच्या इतिहासात बारगीर आणि शिलेदार यांची चर्चा पुष्कळ होते : सरकारी घोड्यावर लढणारा तो बारगीर, स्वतःच्या घोड्यावर लढणारा तो शिलेदार. दोघांचाही जीव मात्र तंगावर अवलंबून. लगाम तुटला तर स्वार सावरू शकतो. भर दौडीत तंग तुटला तर खोगीर फिरते आणि स्वार घोड्याच्या टापांखाली जातो. सैल तंगाने घोड्याची पाठ सोलवटते, आणि पाठ धरलेला घोडा पुढे कित्येक दिवस निरुपयोगी. लांबच्या मजला मारणाऱ्या फौजेला हा खर्च परवडणारा नव्हता.

१३/
तंग चामड्याचाही असे, विणलेलाही. चामडे बळकट, पण घाम आणि पाऊस पिऊन वाळले की कडक होते आणि जनावराला काचते. विणलेला तंग घाम शोषतो आणि हवा खेळू देतो. या विद्येचा कळस राजस्थान व कच्छच्या वाळवंटात दिसतो. तिथे उंटाचे तंग बकरीच्या केसांच्या व लोकरीच्या पिळदार दोऱ्यांपासून करतात. एका दोऱ्याचा पीळ उकलून त्यातून दुसरा दोरा आरपार ओवायचा, अशी ती रीत; तिला मागही लागत नाही. नक्षी आणि बळकटी एकाच कृतीतून येतात.

१४/
जनावर जिथे चढू शकत नाही तिथे माणूस चढतो. नेपाळ आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत हमाल पाठीवरच्या टोपलीचा भार कपाळावरून घेतलेल्या पट्टीने पेलतात. ही पट्टी म्हणजे 'नाम्लो'. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या हमालांचे ओझे मोजले गेले. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रिया ६६ टक्के भार वाहत होत्या. शिवाय पाठपिशवीच्या मानाने कमी ऊर्जा खर्चून. कौतुकाइतकाच हा अस्वस्थ करणारा आकडा आहे. पट्टीने भार सुसह्य केला आणि तो वाढवण्याची सोयही केली.

१५/
ब्रिटिश अमदानीत नवारीला आणखी एक घर मिळाले : तुरुंग. वसाहतीच्या तुरुंगांत कैद्यांच्या श्रमातून माल काढण्याची पद्धत रूढ झाली. सतरंज्या, गालिचे, चटया, दोर आणि नवार असा तो माल. नवार तुरुंगाला सोयीची का, हे उघड आहे. साधने थोडी, जागा कमी, शिकायला सोपे, आणि कितीही केली तरी सरकारी खाटा व तंबू यांची गरज संपत नाही. येरवड्याचा तुरुंग १८७१ साली उभा राहिला. तेथील गालिच्यांची कीर्ती तर समुद्रापार गेली.

१६/
या तुरुंगी नवारीचा एक प्रसिद्ध विणकर म्हणजे जवाहरलाल नेहरू. एप्रिल १९३० मध्ये अटक झाल्यावर त्यांना अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात ठेवण्यात आले. आत्मचरित्रात ते लिहितात की दिवसाचे सुमारे तीन तास ते सूत काढत आणि आणखी दोन-तीन तास नवार विणत. हे काम त्यांना आवडे, कारण त्याने फार शीण न होता मन गुंतून राही. सत्याग्रहाच्या ऐन वर्षात काँग्रेसचा अध्यक्ष पलंगाची पट्टी विणत होता.

१७/
येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. राजकीय कैद्याला नवार ही मनाची विश्रांती वाटू शकली, कारण ती त्याने निवडली होती. सक्तमजुरीची शिक्षा भोगणाऱ्या सामान्य कैद्याला ती निवड नव्हती. त्याला नेमून दिलेले काम रोज पुरे करावे लागे. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. सरकारी विश्रामगृहातील पलंगावर निजणाऱ्या साहेबाच्या पाठीखाली नेमके कोणाचे हात होते, हे कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. वस्तूचा इतिहास लिहिताना ही रिकामी जागाही दाखवावी लागते.

१८/
आता सैन्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातील बहुतेक सैन्यांचे पट्टे चामड्याचे होते. मग पितळी काडतूस आले आणि अडचण उभी राहिली. कमावलेल्या चामड्यातील आम्लामुळे पितळेवर हिरवा कळंक चढे. काडतूस पट्ट्यात चिकटे, कधी बंदुकीत अडके. ऐन चकमकीत काडतूस न निघणे म्हणजे मरण. अमेरिकी सैन्यातील ॲन्सन मिल्स या अधिकाऱ्याने यावर उपाय शोधायला घेतला.

१९/
मिल्सचा अंतिम उपाय चामडे टाकून कापसाकडे वळण्याचा होता. पट्टा सुताचा, आणि काडतुसांचे फासेही शिवून न लावता पट्ट्यासोबतच एकसंध विणलेले. शिवण ही सर्वांत दुबळी जागा. तीच काढून टाकली. असे विणणारे यंत्र बनवणे सोपे नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे ओर्नडॉर्फ या सहकाऱ्याच्या मदतीने ते साधले आणि तिथेच कारखाना उभा राहिला. पलंगाखालच्या नवारीची ही चुलत बहीण आता युद्धसाहित्य बनली.

२०/
ब्रिटिशांना धडा मिळाला तो दक्षिण आफ्रिकेत. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात चामड्याचे पट्टे पावसाने भिजत, उन्हाने तडकत. वापरून सैल झालेल्या फाशांतून काडतुसे गळून पडत. युद्धानंतर १९०३ साली नवा साज आला, पण तोही चामड्याचाच. शेवटी मेजर बरोज या अधिकाऱ्याने मिल्सच्या लंडनमधील कंपनीसोबत काम करून संपूर्ण सुती साज तयार केला. १९०८ साली ब्रिटिश पायदळाने तो स्वीकारला.

२१/
या साजात कमरेला तीन इंच रुंदीचा पट्टा, खांद्यांवरून दोन पट्ट्या, पुढे दोन्ही बाजूंना मिळून १५० काडतुसे आणि मागे पाठपिशवी. सगळे एकमेकांत अडकवलेले. पुढचा भार आणि मागचा भार एकमेकांना तोलत. बकल सोडले की सारा साज कोटासारखा एकदम उतरवता येई. जुन्या पद्धतीत छातीवरून आडवे-तिडवे पट्टे आवळले जात आणि श्वास कोंडे. इथे छाती मोकळी राहिली. लांब कूच करणाऱ्या शिपायाला हा बदल प्रत्येक मैलाला जाणवला असेल.

२२/
१९१४ साली महायुद्ध पेटले. लाखोंनी भरती सुरू झाली आणि मिल्सचे माग कमी पडले. म्हणून नव्या पलटणींसाठी घाईने पुन्हा चामड्याचा साज काढावा लागला. फ्रान्स आणि मेसोपोटेमियात उतरलेल्या हिंदी पलटणींकडे तर प्रामुख्याने १९०३ चा चामडी साजच होता. हिंदुस्थानात सैन्याच्या चामड्यासाठी कानपूरचा सरकारी खोगीर व साज कारखाना एकोणिसाव्या शतकापासून चालत होता. साम्राज्याच्या एकाच युद्धात एकाला सूत, दुसऱ्याला कातडे. त्यामागे कारखान्यांची क्षमता होती आणि अग्रक्रमाची उतरंडही.

२३/
दुसऱ्या महायुद्धात हिंदी पलटणी १९३७ च्या सुती साजात लढल्या. तो हिंदुस्थानातही मोठ्या प्रमाणावर तयार झाला. त्याच्या पुढच्या दोन थैल्या ब्रेन मशीनगनची मॅगझिने मावतील अशा होत्या, म्हणजे तुकडीच्या एका मशीनगनच्या गोळ्यांचा भार सर्व शिपायांच्या पट्ट्यांत वाटलेला. इटलीच्या आघाडीवरील मराठा लाइट इन्फन्ट्री अशीच लढली. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईतील शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर.

२४/
सुताला मर्यादा होत्या. ते पाणी पिते, जड होते, आक्रसते आणि दमट जंगलात कुजते. १९३५ साली ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने नायलॉन घडवले. १९४० साली अमेरिकेत त्याचे पायमोजे विक्रीला आले आणि युद्ध सुरू होताच ते सारे नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळवण्यात आले. पुढे छत्रीच्या पट्ट्यांतही कृत्रिम धागा आला. वीण तीच राहिली : दाट ताणा, झाकलेला बाणा, दोन्ही बाजूंना काठ. बदलला तो धागा.

२५/
आकाशात पट्टीने माणसाला वाचवले, मग जमिनीवर का नाही? अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी हा प्रश्न स्वतःच्या देहावर तपासला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत ते अग्निबाणाने ढकललेल्या घसरगाडीवर पट्ट्यांनी बांधून बसले. ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग घेऊन गाडी १.४ सेकंदांत थांबली. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले. नीट बांधलेले शरीर कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा धक्का सोसू शकते, हे सिद्ध झाले.

२६/
त्या काळी मोटारींत पट्टा असलाच तर केवळ कमरेवरचा. धडकेत वरचे शरीर पुढे फेकले जाई आणि पोटातील अवयवांना इजा होई. स्वीडनमधील अभियंता निल्स बोलिन आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. व्होल्वो कंपनीत आल्यावर त्यांनी खांदा आणि कंबर या दोन्हींना धरणारा, एकाच हाताने लावता येणारा तीनबिंदू पट्टा तयार केला. १९५९ साली तो मोटारीत बसला. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना वापरण्यासाठी खुले ठेवले.

२७/
आजचा सीटबेल्ट पॉलिएस्टरचा असतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ताणाखाली त्याची रुंदी किमान ४६ मिलिमीटर राहिली पाहिजे आणि त्याने सुमारे दीड टनाची ओढ न तुटता सोसली पाहिजे. रुंदीची अट ताकदीइतकीच महत्त्वाची. धडकेत पट्टा किंचित ताणला जातो, धक्क्याचा क्षण लांबवतो आणि तो छातीच्या व कंबरेच्या हाडांवर पसरतो. खांद्यावरच्या हमालाच्या पट्टीचे आणि याचे गणित एकच : भार मोठा असेल तर जागा रुंद हवी.

२८/
१९६७ साली व्होल्वोने स्वीडनमधील २८,००० हून अधिक अपघातांचा अभ्यास मांडला आणि पट्ट्याचा उपयोग आकड्यांनी दाखवला. तरीही लोकांनी तो आपणहून लावला नाही. अखेर १९७० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जगात प्रथम तो सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी सक्ती यायला १९८३ साल उजाडले. दोन्हीकडे व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा निघाला. बांधणारी पट्टी ही बंधन की संरक्षण, हा तिच्या इतिहासातील जुनाच प्रश्न नव्या रूपात समोर आला.

२९/
भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ नुसार चालक, पुढचा प्रवासी आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवासी या सर्वांनी पट्टा लावणे बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारणेने दंड १,००० रुपये केला. मागच्या आसनाबाबत मात्र नियम कागदावरच राहिला. मागे बसणे म्हणजे सुरक्षित असणे, ही समजूत कायद्यापेक्षा बळकट ठरली.

३०/
४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या प्रवाशांसाठीही पट्ट्याची सक्ती जाहीर झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्या एका वर्षात पट्टा न लावल्याने मरण पावलेल्यांची संख्या १६,७१५ होती. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी.

३१/
याच काळात बाजारात एक वस्तू खपत होती : पट्ट्याच्या खाचेत अडकवायची नुसती चकती. ती बसवली की गाडीला वाटते पट्टा लावला आहे आणि इशाऱ्याचा आवाज थांबतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ही चकती काढून टाकण्याचा आदेश दिला. तिच्या १३,११८ नोंदी हटवण्यात आल्या. हजारो वर्षांच्या अनुभवातून सिद्ध झालेली पट्टी शेजारी लोंबकळत असताना, तिला चुकवण्यासाठी पैसे मोजले जात होते.

३२/
पलंगाची नवार आता प्लास्टिकची झाली आहे, पुष्कळ घरांतून तर पलंगच गेला. हाताने नवार विणणारेही विरळ झाले. पण ती पट्टी दप्तरात, गिर्यारोहकाच्या साजात, मालवाहू ट्रकवर आणि मोटारीच्या आसनात रोजच्या वापरात आहे. जुना कारागीर नवार भरताना दोन गोष्टी पाही : पट्टी पिळलेली नको आणि सैल नको. पिळलेली पट्टी दोर होते आणि रुतते. सैल पट्टी भार येताच दगा देते. सीटबेल्ट लावतानाही पाहायच्या गोष्टी याच दोन, पुढच्या आसनावर आणि मागच्याही.

(समाप्त)